हिब्रू उच्चार-परंपरांतील भेद : उगम, कारणे आणि परिणाम

सारांश

हिब्रू भाषेचा धर्मग्रंथीय पाठ जगभरातील ज्यू समाजांत जवळजवळ अक्षरशः एकच आहे. परंतु त्या पाठाचे उच्चारण येमेन, बगदाद, पोलंड, इटली, ॲम्स्टरडॅम येथील ज्यू समाजांत वेगवेगळे होत आले आहे. प्रस्तुत लेखात या भेदांची कारणमीमांसा केली आहे. लिपीची मर्यादा, स्वरचिन्हांच्या तीन भिन्न पद्धती, स्थानिक भाषांचा प्रभाव, स्थलांतर आणि आधुनिक काळातील हेतुपुरस्सर निवड या पाच घटकांच्या आधारे हा विषय मांडला आहे. ‘अमुक परंपरा शुद्ध व अमुक भ्रष्ट’ ही प्रचलित विभागणी पुराव्यांच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हिब्रू, मासोरा, तिबेरियन स्वरचिन्हे, अश्केनाझी, सेफार्डी, येमेनी, बेने इस्राएल, पाठपरंपरा

१. प्रस्तावना

आठवड्याच्या सातव्या दिवशी पाळल्या जाणाऱ्या विश्रांतिदिनास हिब्रूत जो शब्द आहे, तो सर्व ज्यू समाजांत एकाच पद्धतीने लिहिला जातो. शीन, बेथ, ताव अशी तीन व्यंजने आणि त्यांखाली दोन स्वरचिन्हे, एवढेच त्याचे लेखन. परंतु आजच्या इस्राएलमध्ये हा शब्द ‘शब्बात’ असा उच्चारला जातो. पूर्व युरोपीय परंपरेत तो ‘शाब्बोस’ होतो. बगदादी परंपरेत त्याच्या शेवटी इंग्रजी ‘थिंक’ या शब्दाच्या आरंभी येणारा ध्वनी ऐकू येतो. येमेनी परंपरेत शेवटचा ध्वनी बगदादीप्रमाणेच राहतो, पण त्याआधीचा स्वर ‘ऑ’सारखा होतो. इटलीतील जुन्या परंपरेत तोच शब्द ‘शब्बाद’ असा संपतो. एका तीन अक्षरी शब्दाची ही पाच रूपे आहेत आणि त्यांतील प्रत्येक रूप उच्चारणारा समाज आपल्या पूर्वजांचा उच्चार प्रामाणिकपणे जपत आल्याचे मानतो.

संस्कृतच्या अभ्यासकांना ही स्थिती अपरिचित वाटू नये. ‘ज्ञ’ या जोडाक्षराचा मराठी उच्चार ‘द्न्य’ आणि हिंदी उच्चार ‘ग्य’ असा होतो. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत ‘ष’च्या जागी विशिष्ट स्थळी ‘ख’ म्हटला जातो. लेखन स्थिर असूनही उच्चार परंपरेनुसार बदलतो, ही बाब दोन्हीकडे समान आहे. हिब्रूच्या बाबतीत मात्र सुमारे सतराशे वर्षे ती कोणत्याही समाजाची घरातील बोली नव्हती. या काळात ती प्रार्थना, अध्ययन, पत्रव्यवहार आणि काव्य यांची भाषा म्हणून टिकून राहिली. त्यामुळे तिच्या उच्चाराचा इतिहास हा प्रामुख्याने वाचनाचा आणि अध्यापनाचा इतिहास आहे.

२. प्राचीन काळातील भेद

ज्यू समाज जगभर विखुरल्यानंतर उच्चारभेद निर्माण झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. मूळ भूमीतच भेद होते याचे पुरावे धर्मग्रंथांतच सापडतात. ‘शास्ते’ या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात गिलाद आणि एफ्राइम या दोन जमातींतील संघर्षाची हकिगत आहे. यार्देन नदीच्या उतारावर पळून जाणाऱ्यांना ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास सांगितला जाई. एफ्राइमी माणसास ‘श’ साधत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि त्यावरून ओळखला जाऊन मारला जाई. ‘श’ आणि ‘स’ यांच्यातील हा भेद पुढे जवळजवळ तीन सहस्रके हिब्रू उच्चारशास्त्रात पुनःपुन्हा डोके वर काढतो. लिथुआनिया परिसरातील यिद्दिशभाषक ज्यूंमध्येही एकेकाळी ‘श’ आणि ‘स’ एकमेकांत मिसळले होते.

दुसरा पुरावा ग्रीक भाषांतराचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात सुरू झालेल्या ‘सेप्टुअजिंट’ या भाषांतरात हिब्रू विशेषनामे ग्रीक लिपीत उतरविली गेली. ‘आयिन’ या एकाच अक्षराने आरंभ होणारी काही नावे तेथे ‘ग’ने लिहिलेली दिसतात, तर काहींच्या आरंभी नुसता स्वर आहे. हिब्रूतील ‘अझ्झा’ म्हणूनच आपल्याकडे ‘गाझा’ या रूपाने पोहोचले आणि ‘अमोरा’ हे ‘गमोरा’ झाले. पण ‘एसाव’ आणि ‘एली’ या नावांत ‘ग’ नाही. याचा अर्थ असा की, त्या काळी ‘आयिन’ हे एकच अक्षर दोन भिन्न ध्वनींसाठी वापरले जात होते. हिब्रूने स्वीकारलेल्या लिपीत अक्षरे २२ होती, तर भाषेतील व्यंजने त्याहून अधिक होती. लिपी आणि ध्वनी यांच्यातील ही तफावत आरंभापासूनच आहे.

तिसरा पुरावा तालमूदचा आहे. बॅबिलोनी तालमूदच्या ‘मगिल्ला’ या प्रकरणात हैफा, बेथ शेआन इत्यादी गावांच्या लोकांना प्रार्थनेचे नेतृत्व करण्यास पुढे उभे करू नये असे म्हटले आहे; कारण ते ‘आलेफ’च्या जागी ‘आयिन’ आणि ‘आयिन’च्या जागी ‘आलेफ’ उच्चारतात. त्याच ठिकाणी एक मार्मिक प्रसंगही आला आहे. रब्बी हिय्या यांना ‘हेथ’ हा घशातील घर्षक ध्वनी नीट उच्चारता येत नसे. तो ‘हे’सारखा, म्हणजे आपल्या ‘ह’सारखा होई. यशयाच्या ग्रंथातील ज्या वचनात भक्त ईश्वराची वाट पाहीन असे म्हणतो, त्यातील क्रियापद ‘हेथ’ने आरंभ होते. ते ‘हे’ने उच्चारले तर ‘मी प्रहार करीन’ असा अर्थ होतो. भक्तिवचनाचे ईश्वरनिंदेत रूपांतर होण्यास एका व्यंजनाचा बदल पुरेसा आहे, हे या प्रसंगाचे तात्पर्य होय. ‘एरुविन’ या प्रकरणात गालील प्रांतातील बोलीचीही अशीच थट्टा आहे. गालीलच्या माणसाने एक शब्द उच्चारला की, त्यास बसण्यासाठी गाढव हवे, पिण्यासाठी द्राक्षरस हवा, वस्त्रासाठी लोकर हवी की कापण्यासाठी कोकरू हवे, हे ऐकणाऱ्यास समजत नसे.

ज्या काळी हिब्रू व तिची भगिनीभाषा अरेमाइक या मूळ प्रदेशात प्रचलित होत्या, त्या काळीही कंठ्य ध्वनींचा ऱ्हास सुरू झाला होता, असे यावरून दिसते. तेव्हा कंठ्य ध्वनींच्या लोपाचे सर्व खापर युरोपातील वास्तव्यावर फोडता येत नाही.

३. स्वरचिन्हांच्या तीन पद्धती

हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची आहे. इ. स. १३२ ते १३५ या काळातील बार कोखबा याच्या उठावानंतर यहूदिया प्रांत उद्ध्वस्त झाला आणि त्यानंतरच्या काळात बोलीभाषा म्हणून हिब्रू लोप पावत गेली. बोलणारा समाज उरला नाही, तेव्हा स्वरांची स्मृती केवळ पाठांतरावर अवलंबून राहिली. ही स्मृती चिन्हबद्ध करण्याचे कार्य साधारणतः सातव्या ते दहाव्या शतकांत ‘मासोरेत’ म्हणजे पाठपरंपरेचे रक्षक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्वानांनी केले. आपल्याकडील प्रातिशाख्यकारांशी त्यांच्या कार्याची तुलना करता येईल. मात्र प्रातिशाख्ये सूत्ररूपाने उच्चार सांगतात, तर मासोरेतांनी प्रत्येक अक्षराच्या वर किंवा खाली चिन्ह देऊन उच्चार लिहून ठेवला.

त्यांच्या एकूण तीन पद्धती होत्या : बॅबिलोनी, पॅलेस्टिनी आणि गालील सरोवराकाठच्या तिबेरिया नगरातील तिबेरियन. या पद्धतींत केवळ चिन्हांचा आकार भिन्न नव्हता. त्यांच्या पाठीशी असलेल्या उच्चार-परंपराही भिन्न होत्या. तिबेरियन पद्धतीत सात स्वरगुण आहेत. बॅबिलोनी पद्धतीत सहा आहेत. तिबेरियन पद्धतीतील ‘पताह’ आणि ‘सेगोल’ या दोन चिन्हांसाठी तेथे एकच चिन्ह आहे. पॅलेस्टिनी चिन्हांनी लिहिलेल्या हस्तलिखितांत ‘पताह’ व ‘कामेत्स’ यांची, तसेच ‘सेगोल’ व ‘त्सेरे’ यांची सरमिसळ आढळते. लेखकाच्या मुखात प्रत्यक्षात ‘आ’ आणि ‘ए’ असे एकेकच स्वर होते, असा त्याचा अर्थ होतो.

पुढे तिबेरियन पद्धतीस सर्वमान्यता मिळाली. इ. स. ९३० च्या सुमाराची अलेप्पो येथील पोथी, जिची स्वरचिन्हे आरोन बेन आशेर या मासोरेताने दिल्याचे मानले जाते, आणि १००८-०९ मधील लेनिनग्राड पोथी ही या पद्धतीची प्रमाणभूत उदाहरणे होत. परंतु सर्व समाजांनी चिन्हे तिबेरियाची स्वीकारली, उच्चार मात्र आपापला कायम ठेवला. हिब्रू उच्चारभेदांचे मर्म या एका घटनेत साठवलेले आहे. सात स्वरांसाठी तयार केलेली चिन्हे पाच स्वर असलेल्या समाजानेही वापरली आणि सहा स्वर असलेल्या समाजानेही वापरली.

याचे उत्तम उदाहरण ‘कामेत्स’ या चिन्हाचे आहे. तिबेरियात त्याचा उच्चार सर्वत्र ‘ऑ’सारखा एकच होता. पाच स्वरांच्या सेफार्डी परंपरेत मात्र या एकाच चिन्हाचा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘आ’ आणि काही ठिकाणी ‘ओ’ असा करावा लागतो. परिणामी एकाच प्रकारे लिहिलेला शब्द ‘होखमा’ असा वाचला तर त्याचा अर्थ ‘ज्ञान’ होतो आणि ‘हाखमा’ असा वाचला तर ‘ती शहाणी झाली’ असा होतो. कोठे ‘आ’ आणि कोठे ‘ओ’ हे व्याकरणाचे नियम पाठ करून ठरवावे लागते. मराठीत ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जाऊनही उच्चाराने भिन्न आहे आणि मराठी मूल तो भेद ऐकून शिकते. हिब्रूचा विद्यार्थी मात्र असा भेद नियमाने शिकत आला. ज्या परंपरेला स्वतःची चिन्हे समजण्यासाठी अशा नियमांची गरज भासते, ती चिन्हे तिची स्वतःची नाहीत, हे उघड आहे.

४. प्रमुख परंपरा

४.१ येमेनी परंपरा : भाषाशास्त्रज्ञांनी या परंपरेस विशेष महत्त्व दिले आहे. बेथ, गिमेल, दालेथ, काफ, पे आणि ताव या सहा अक्षरांचे तिबेरियन परंपरेत दोन-दोन उच्चार होतात : एक स्पर्श व एक घर्षक. हे बाराही उच्चार वेगळे राखणारी परंपरा म्हणून येमेनी परंपरा प्रसिद्ध आहे. ‘हेथ’ आणि ‘आयिन’ हे घशातील ध्वनी तेथे स्पष्ट आहेत. ‘पताह’ आणि ‘सेगोल’ यांचा उच्चार एकच होतो. बॅबिलोनी पद्धतीचे जे वैशिष्ट्य वर सांगितले, तेच हे होय. येमेनचे ज्यू बॅबिलोनच्या विद्यापीठांचे धार्मिक अनुशासन मानीत असत, या ऐतिहासिक वस्तुस्थितीशी ते सुसंगत आहे.

४.२ सेफार्डी परंपरा : ‘सेफाराद’ म्हणजे स्पेन. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली. त्यांतील अनेक उत्तर आफ्रिका व ऑटोमन साम्राज्यात गेले. पुढील काळात ॲम्स्टरडॅम व लंडन येथे पोर्तुगालमार्गे आलेल्यांच्या वसाहती झाल्या. पाच स्वर आणि शब्दाच्या बहुधा अंत्य अवयवावर आघात ही या परंपरेची सामान्य लक्षणे होत. व्यंजनांच्या बाबतीत मात्र ती एकजिनसी नाही. अरबीभाषक प्रदेशांत ‘आयिन’ टिकला. ॲम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यूंमध्ये तो ‘ङ’सारखा अनुनासिक झाला.

४.३ बगदादी परंपरा : स्वरांच्या बाबतीत ही सेफार्डी परंपरेसारखी आहे, परंतु दंत्य ‘थ’-घर्षक, ओष्ठ्य ‘व’ आणि कंठ्य ध्वनी तिने राखले आहेत. प्राचीन काळी बॅबिलोनी पद्धतीचे माहेरघर असलेल्या या प्रदेशात पुढे पाच स्वरांचा उच्चार रूढ झाला, हे लक्षणीय आहे. प्रदेश एकच राहिला तरी परंपरा एकच राहते असे नाही.

४.४ अश्केनाझी परंपरा : ‘अश्केनाझ’ हे जर्मनीचे मध्ययुगीन हिब्रू नाव. या परंपरेत ‘कामेत्स’ हा ‘ओ’, ‘त्सेरे’ हा ‘एय्’ आणि घर्षक ‘ताव’ हा ‘स’ होतो. ‘होलेम’ या स्वराचे तर प्रदेशानुसार तीन उच्चार आहेत : पोलंड व युक्रेनमध्ये ‘ऑय्’, लिथुआनियात ‘एय्’, जर्मनीत ‘औ’. शब्दातील आघात उपांत्य अवयवावर सरकतो.

अश्केनाझी परंपरा पूर्वीपासून अशीच होती, असे नाही. तेराव्या शतकापूर्वीच्या जर्मन प्रदेशातील हस्तलिखितांत पाच स्वरांच्या उच्चाराच्या खुणा आढळतात. म्हणजे त्या काळी तेथील वाचन सेफार्डी वाचनाच्या जवळचे होते. हा बदल कसा झाला याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. यिद्दिशचे इतिहासकार माक्स वाइनराइख (१८९४-१९६९) यांनी पूर्वेकडून आलेल्या बॅबिलोनी परंपरेच्या शिक्षकांचा प्रभाव पुढे केला. इतरांनी जर्मन बोलींतील अंतर्गत ध्वनिपरिवर्तनाकडे लक्ष वेधले. मध्ययुगीन जर्मनमधील दीर्घ ‘आ’ यिद्दिशमध्ये ‘ओ’ झाला, तसाच तो हिब्रू शब्दांतही झाला असावा. यिद्दिशमधील हिब्रू शब्द या दुसऱ्या मतास काही बळ देतात. ‘नियम’ या अर्थाचा ‘क्लाल’ हा शब्द एकवचनी, व्यंजनान्त अवयवात ‘आ’ राखतो. अनेकवचनात तो ‘क्लोलिम’ होतो. चिन्ह दोन्हीकडे ‘कामेत्स’च आहे. केवळ शिक्षकांनी उच्चार बदलला असता, तर तो अवयवाच्या रचनेनुसार बदलण्याचे कारण नव्हते.

५. स्थानिक भाषांचा प्रभाव व त्याची मर्यादा

ज्या समाजाच्या घरातील भाषेत एखादा ध्वनी नसतो, त्या समाजाच्या हिब्रूतूनही तो लोप पावतो, हा सामान्य नियम आहे. जर्मन भाषेत ‘थिंक’मधील दंत्य घर्षक उरला नव्हता, त्याची जागा जवळच्या ‘स’ने घेतली. इटालियनमध्ये ‘ह’ नाही. तेथील हिब्रूतही तो क्षीण झाला. कैरोच्या अरबी बोलीत दंत्य घर्षक ‘त’मध्ये मिसळला, येमेन व इराकमधील ज्यूंच्या भोवतालच्या अरबीत तो टिकला. हिब्रूतील चित्रही त्या त्या ठिकाणी तसेच आहे. मध्य येमेनमध्ये ‘कोफ’ हे अक्षर ‘ग’सारखे व ‘गिमेल’ हे ‘ज’सारखे उच्चारले जाते, यामागेही स्थानिक अरबीच आहे. तेव्हा सर्वांत प्राचीन मानली जाणारी परंपराही परिसरापासून अलिप्त नाही.

परंतु हा नियम निरपवाद नाही. अरबी भाषेत ‘प’ हा ध्वनी नाही. तरीही येमेनचे ज्यू हिब्रू वाचताना ‘प’ आणि ‘फ’ वेगळे उच्चारीत आले आहेत. ज्या ध्वनीचा दैनंदिन भाषेत कधीच उपयोग होत नाही, तो केवळ धर्मग्रंथाच्या वाचनासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकविला गेला. त्या प्रशिक्षणाची ही साक्ष आहे. म्हणून उच्चार-परंपरेचा विचार करताना परिसराचे बल आणि अध्यापनाचे बल अशा दोन शक्तींचा विचार करावा लागतो. पहिली ध्वनींना घरच्या भाषेच्या साच्यात ओतते; दुसरी त्यांना जुन्या साच्यात राखू पाहते. प्रत्येक समाजातील उच्चार हा या दोहोंमधील समतोलाचा परिणाम आहे.

६. कोकणातील बेने इस्राएल

या संदर्भात महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण उद्बोधक आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेला, शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्याने ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला हा मराठीभाषक समाज हिब्रूच्या ज्ञानापासून दीर्घकाळ दूर राहिला. ‘शेमा’ या श्रद्धावचनाचा आरंभ मात्र त्यांच्या मुखी राहिला आणि तो सर्व प्रसंगी म्हटला जाई. येथे परिसराचे बल पूर्ण कार्यरत होते आणि अध्यापनाचे बल जवळजवळ नव्हते. समाजातील जुन्या नावांवरून ध्वनींचे रूपांतर कसे झाले ते दिसते. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये स्थापन करणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे ‘सामाजी हसाजी दिवेकर’ या नावानेही परिचित होते. इझिकेलचे हिब्रू रूप ‘येहेझकेल’ असे असून त्यातील ‘हेथ’ मराठीच्या ‘ह’मध्ये मिसळला आहे. मराठीत घशातील दुसरा घर्षक नसल्याने हे स्वाभाविक होते.

पुढे या समाजास हिब्रूचे शिक्षण निरनिराळ्या दिशांनी मिळाले. कोचीनच्या ज्यूंनी प्रार्थनाविधी शिकविले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून प्रसिद्ध केली. १८३० च्या दशकापासून डेव्हिड ससून यांच्यासारखे बगदादी ज्यू मुंबईत स्थिरावले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हे सर्व प्रवाह पाच स्वरांच्या उच्चाराचे असल्याने बेने इस्राएलांचे हिब्रू वाचनही त्याच वळणाचे झाले. परंपरा केवळ वारशाने मिळत नाही. ती नव्याने शिकलीही जाते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

७. आधुनिक काळातील निवड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिब्रू पुन्हा बोलीभाषा करण्याचा प्रयत्न सुरू झाला. एलिएझेर बेन येहूदा (१८५८-१९२२) हे १८८१ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये आले; १८९० मध्ये भाषा समिती स्थापन झाली. आता कोणता उच्चार स्वीकारावा हा प्रश्न शैक्षणिक न राहता व्यवहाराचा झाला. पुनरुज्जीवनाचे बहुसंख्य कार्यकर्ते पूर्व युरोपातील अश्केनाझी होते. तरीही त्यांनी आपल्या वडिलांचा उच्चार सोडून सेफार्डी उच्चार निवडला. १९०३ मध्ये झिखरोन याकोव येथे भरलेल्या शिक्षकांच्या सभेत सेफार्डी उच्चार आणि अश्केनाझी हस्ताक्षर यांबाबत सर्वसाधारण सहमती झाली.

या निवडीमागे तीन कारणे होती. जेरुसलेममध्ये निरनिराळ्या देशांतून आलेले ज्यू एकमेकांशी सेफार्डी वळणाच्या हिब्रूत बोलत. युरोपीय विद्यापीठांतील हिब्रूचे अध्यापन, योहानेस रॉइखलिन यांच्या १५०६ मधील व्याकरणापासून, त्याच वळणाचे होते व ते अधिक मूळचे असल्याची समजूत रूढ होती. शिवाय अश्केनाझी उच्चार हा निर्वासित जीवनाशी आणि यिद्दिशशी निगडित वाटे. नव्या जीवनास नवा उच्चार हवा होता.

प्रत्यक्षात जो उच्चार निर्माण झाला तो मात्र पूर्ण सेफार्डी नव्हता. स्वर आणि आघात सेफार्डी, तर व्यंजने बहुतांशी युरोपीय, असा तो संकर होता. ‘आयिन’ मूक झाला, ‘हेथ’ हा ‘ख’सारख्या घर्षकात मिसळला, ‘टेथ’ आणि ‘ताव’ तसेच ‘कोफ’ आणि स्पर्श ‘काफ’ एकरूप झाले. परिणामी ‘त्याने वाचले’, ‘घडले’, ‘त्याने फाडले’ आणि ‘त्याने गुडघे टेकले’ या चार अर्थांचे, चार प्रकारे लिहिले जाणारे शब्द आज बहुसंख्य इस्राएली लोकांच्या मुखी ‘कारा’ असेच ऐकू येतात. शाळेतील मुलांना शुद्धलेखनात येणाऱ्या अडचणींचे हे एक मुख्य कारण आहे.

८. परिणाम

या निवडीचे परिणाम तीन क्षेत्रांत दिसतात. पहिले क्षेत्र साहित्याचे. हायिम नाहमान बियालिक (१८७३-१९३४) व त्यांच्या पिढीच्या कवींनी आपल्या कवितांची वृत्ते अश्केनाझी आघातावर बांधली होती. आघात उपांत्य अवयवावरून अंत्य अवयवावर गेला तेव्हा त्यांच्या कवितांची लय विसकटली. राष्ट्रकवी म्हणून गौरविल्या गेलेल्या कवीची रचना त्याच्याच भाषेत वृत्तानुसार वाचणे पुढील पिढ्यांतील बहुसंख्य वाचकांना अशक्य झाले. राहेल (१८९०-१९३१) यांच्यासारख्या नंतरच्या कवींनी नव्या आघातात लेखन केले.

दुसरे क्षेत्र धर्माचरणाचे. ईश्वराच्या नामाऐवजी उच्चारल्या जाणाऱ्या ‘प्रभू’वाचक शब्दाच्या अखेरीस ‘कामेत्स’ आहे. तोच शब्द ‘पताह’ने लिहिल्यास ‘माझे धनी’ असा लौकिक अर्थ होतो. पाच स्वरांच्या उच्चारात हा भेद राहत नाही. म्हणून काही अश्केनाझी धर्मशास्त्र्यांनी प्रार्थनेत तरी वडिलोपार्जित उच्चार सोडू नये असे मत मांडले. आजही अनेक सनातनी अश्केनाझी समाज व्यवहारात इस्राएली हिब्रू बोलतात आणि प्रार्थनेत जुन्या उच्चाराचा अवलंब करतात.

तिसरे क्षेत्र सामाजिक आहे आणि ते अधिक चिंतनीय आहे. १९४९-५० मध्ये येमेनमधून सुमारे ४९ हजार आणि १९५०-५१ मध्ये इराकमधून सुमारे १ लाख २० हजार ज्यू इस्राएलमध्ये आले. ‘हेथ’ व ‘आयिन’ जपणारे हे लोक व्याकरणाच्या दृष्टीने अधिक प्रमाणभूत हिब्रू बोलत होते. परंतु प्रतिष्ठा युरोपीय वळणाच्या उच्चारास होती. त्यांच्या मुलांनी शाळेत व सैन्यात तो उच्चार स्वीकारला आणि ज्या ध्वनींसाठी आजोबांची प्रशंसा व्हावयास हवी होती, तेच ध्वनी मागासलेपणाचे चिन्ह ठरले. कोशात प्रमाण काय आहे आणि समाजात प्रतिष्ठित काय आहे, या दोन भिन्न गोष्टी असतात. प्रमाण मराठी व बोली यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या अध्यापकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

९. संशोधनाची दिशा

अब्राहाम झ्वी इडेलसोन (१८८२-१९३८) यांनी १९१३ मध्ये ज्यू व समरितानी समाजांतील हिब्रू उच्चारांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर शेलोमो मोराग (१९२६-१९९९) यांनी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मौखिक परंपरांचे पद्धतशीर दस्तऐवजीकरण केले. जेफ्री खान यांनी मध्ययुगीन ग्रंथांच्या व अरबी लिपीत लिहिलेल्या हिब्रू पाठांच्या आधारे तिबेरियन उच्चाराची पुनर्रचना करून ती २०२० मध्ये प्रसिद्ध केली. या पुनर्रचनेतून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे आली : मध्ययुगात सर्वश्रेष्ठ मानला गेलेला तिबेरियन उच्चार आज कोणत्याही समाजात समग्रपणे जिवंत नाही. त्याची चिन्हे सर्वांकडे आहेत. त्याचा आवाज मात्र तुकड्यातुकड्यांनी निरनिराळ्या समाजांत विखुरलेला आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) हिब्रू उच्चारभेदांचा आरंभ ज्यूंच्या विखुरण्यापूर्वीचा आहे, विखुरण्याने ते वाढले.

२) सर्व समाजांनी तिबेरियन चिन्हे स्वीकारली, परंतु ती भिन्न स्वरव्यवस्थांवर बसविली. आजच्या अनेक भेदांचे मूळ या विसंगतीत आहे.

३) स्थानिक भाषेचा प्रभाव मोठा असला तरी दृढ अध्यापन-परंपरा त्यास रोखू शकते.

४) कोणत्याही एका परंपरेस ‘मूळ’ म्हणता येत नाही. येमेनी परंपरेने व्यंजने, अश्केनाझी परंपरेने ‘कामेत्स’ व ‘पताह’ यांतील भेद आणि सेफार्डी परंपरेने पाच स्वरांचे प्राचीन पॅलेस्टिनी वळण व शब्दातील आघात जपला.

५) आधुनिक इस्राएली उच्चार हा हेतुपुरस्सर निवड आणि अनभिप्रेत सवय यांच्या संयोगातून घडला.

बोली म्हणून इस्राएली हिब्रूचा विजय झाला आहे आणि तो परत फिरणारा नाही. त्याच कारणाने येमेन, बगदाद, कोचीन व पूर्व युरोपातील जुन्या वाचनपद्धती जाणणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. त्या पद्धतींचे ध्वनिमुद्रण आणि वर्णन हे आता हिब्रूच्या इतिहासाचे मूळ साधन आहे. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएलांच्या हिब्रू वाचनाचा ध्वनिशास्त्रीय अभ्यास हा त्यातील एक भाग असून, मराठी ध्वनिव्यवस्था जाणणाऱ्या येथील अभ्यासकांना तो विशेष अधिकाराने करता येईल.